विश्लेषण : तरुणींची उदासी, ‘ड’ जीवनसत्त्व आणि ऊन... संबंध किती खरा?

सतत थकवा, अंगदुखी, कशातच मन न लागणे, विनाकारण रडू येणे, अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या तरुणीच्या हाती हल्ली रक्ततपासणीची चिठ्ठी पडते. दोन दिवसांनी येणाऱ्या अहवालात ‘ड’ जीवनसत्त्वाच्या आकड्यापुढे बहुतेक वेळा ‘कमी’ असा शेरा असतो. मग आठवड्याला एक याप्रमाणे ६० हजार एककांच्या पुड्या किंवा गोळ्या सुरू होतात आणि घरच्यांचाही जीव भांड्यात पडतो. ‘डोक्यात काही नाही, जीवनसत्त्व कमी आहे’ हे निदान सगळ्यांनाच सोयीचे वाटते. कधी नेमके उलटे होते. खरोखरच कमतरता असलेल्या मुलीला ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे सांगून परत पाठवले जाते. या दोन्ही चुका महागात पडू शकतात. त्यामुळे ऊन, ‘ड’ जीवनसत्त्व आणि मन यांच्यातील नात्याबद्दल विज्ञान आज कुठवर पोहोचले आहे, हे समजून घ्यायला हवे.

‘ड’ जीवनसत्त्व शरीरात कसे तयार होते?

नाव जीवनसत्त्वाचे असले तरी ‘ड’चे वागणे संप्रेरकासारखे आहे. इतर जीवनसत्त्वे मुख्यतः अन्नातून मिळतात. हे मात्र शरीर स्वतः तयार करू शकते, त्यासाठी ऊन हवे. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या कुळातील एक पदार्थ असतो. त्यावर सूर्यप्रकाशातील अतिनील ‘बी’ किरण (यूव्हीबी) पडले की त्याचे ‘ड३’ जीवनसत्त्वात रूपांतर होते. तेथून ते यकृतात जाते. यकृतात त्याचे जे रूप बनते, तेच आपण रक्ततपासणीत मोजतो. पुढे मूत्रपिंडात त्याला अंतिम, कार्यक्षम रूप मिळते. आतड्यांतून कॅल्शियम शोषून घेण्यासाठी आणि हाडे मजबूत राखण्यासाठी हे रूप लागते.

या प्रक्रियेतील तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, यूव्हीबी किरण खिडकीच्या साध्या काचेतून आरपार येत नाहीत. काचेआडून अंगावर पडणारे ऊन उबदार वाटते, पण त्यातून ‘ड’ मिळत नाही. दुसरी, त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य हेच किरण शोषून घेते. त्यामुळे सावळ्या त्वचेला तेवढेच जीवनसत्त्व तयार करायला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. तिसरी, उन्हातून या जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. गरजेपेक्षा जास्त ऊन मिळाले तर त्वचाच वाढीव साठ्याचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करते. पुड्या आणि गोळ्यांना मात्र अशी आपोआप आवर घालणारी सोय नाही.

उन्हाशी असलेला संबंध कसा उलगडला?

एकोणिसाव्या शतकात युरोपातील धुराने काळवंडलेल्या औद्योगिक शहरांत लहान मुलांना मुडदूस होत असे. हाडे मऊ पडून पाय वाकत. जपानमध्ये काम केलेले ब्रिटिश डॉक्टर थिओबाल्ड पाम यांनी १८९० मध्ये निरीक्षण मांडले की, जिथे ऊन भरपूर तिथे गरिबी असूनही मुडदूस कमी दिसतो. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याखाली मुलांचा मुडदूस बरा करून दाखवला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी घरात कोंडून ठेवलेल्या कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा गुण सिद्ध केला. अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये त्या तेलातील हा घटक ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे दाखवले. अ, ब, क ही अक्षरे आधीच घेतली गेली होती, म्हणून याला ‘ड’ मिळाले. या कुळातील पदार्थांच्या संशोधनासाठी जर्मनीचे अ‍ॅडॉल्फ विंडाउस यांना १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या इतिहासातील एक पान महाराष्ट्राचे आहे. १९२२ मध्येच हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी नाशिक परिसरातील मुडदुसाची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या सधन घरांत स्त्रिया आणि मुले पडद्याआड, घराच्या आत राहत, तिथे खाण्यापिण्याची ददात नसूनही हाडे मऊ होण्याचा विकार आढळत होता. दिवसभर शेतात राबणाऱ्या गरिबांच्या ताटात फारसे काही नसे, पण त्यांच्यात हा आजार क्वचितच दिसे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पाहणीचा निष्कर्ष आजही लागू पडतो. ऊन सर्वांवर सारखे पडत असले, तरी ते अंगावर घेण्याची मुभा सर्वांना सारखी नसते.

भरपूर ऊन असलेल्या देशात कमतरता का?

केंद्र सरकारच्या २०१६-१८ मधील समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुलामुलींमध्ये ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. त्यासाठी प्रति मिलिलिटर १२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी, अशी कडक कसोटी लावली होती. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण १८ टक्के, तर त्याहून लहान मुलांत १४ टक्के होते. म्हणजे वय वाढते तशी कमतरता वाढते. किशोरवयात ती मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक दिसते. पुण्यातील किशोरवयीन मुलींच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासातही बहुतांश मुलींमध्ये हे जीवनसत्त्व कमी निघाले होते आणि आहारातील कॅल्शियमही अपुरे होते.

यामागे प्रदूषण हे एक कारण आहे. हवेतील धूर आणि धूळ यूव्हीबी किरण अडवतात. दिल्लीतील प्रदूषित मोरी गेट भाग आणि त्या काळी तुलनेने स्वच्छ असलेले गुरगाव येथील लहान मुलांची तुलना करणारा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. गुरगावच्या मुलांत सरासरी पातळी २७.१ नॅनोग्रॅम होती, तर मोरी गेटच्या मुलांत १२.४, म्हणजे निम्म्याहून कमी. दुसरे कारण दिनक्रमाचे. दिल्लीतच २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हात कवायत करणाऱ्या सैनिकांची पातळी चांगली होती. रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टर आणि परिचारिकांची मात्र कमी होती. शिक्षण किंवा उत्पन्न चांगले असले म्हणून कमतरता टळत नाही, हे त्यातून दिसते.

तरुणींमध्येच प्रमाण जास्त का?

कारणे शरीराइतकीच समाजातही आहेत. दुचाकीवर निघालेली पुण्यातली तरुणी डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळते, हातात कोपरापर्यंत मोजे घालते. त्यामागे धूळ आणि उन्हाचा त्रास असतो, तशीच ‘काळी पडशील’ ही लहानपणापासून ऐकलेली ताकीदही असते. लग्नाच्या बाजारात रंगाला भाव आहे, तोवर मुलींना ऊन नकोसे वाटणार, हे उघड आहे.

दुसरा मुद्दा मोकळ्या जागेचा. वयात आल्यानंतर मुलींचे मैदानावर खेळणे कमी होते. मुलगे संध्याकाळी कट्ट्यावर किंवा मैदानात असतात. मुलगी शिकवणीहून थेट घरी येते. वसतिगृहातल्या मुलींना फाटकाच्या वेळा असतात. लग्नानंतर दिवसाचा मोठा भाग स्वयंपाकघरात जातो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया विनामोबदला घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटे. त्यात आयटी कंपन्या आणि कॉल सेंटरमधील रात्रपाळ्या, वातानुकूलित कार्यालये आणि अंगणच नसलेल्या सदनिका यांची भर पडली आहे. चाळीच्या गॅलरीत किंवा वाड्याच्या अंगणात वाळवणे घालताना बायकांना आपसूक मिळणारे ऊन आता ठरवून मिळवावे लागते.

मनाशी संबंध आहे, हे कशावरून?

मेंदूतील अनेक भागांत ‘ड’ जीवनसत्त्वाला प्रतिसाद देणारे ग्राहक असतात. स्मृती आणि भावनांशी संबंधित हिप्पोकॅम्पस आणि हायपोथॅलॅमस हे भागही त्यात येतात. मनःस्थितीशी निगडित सेरोटोनिन हे रसायन तयार होण्यात या जीवनसत्त्वाचा हात असावा, असे प्रयोगशाळेतील काही संशोधन सुचवते. शरीरातील दाह कमी करण्यातही त्याची भूमिका असू शकते. थोडक्यात, संबंध असण्याची शक्यता जैविकदृष्ट्या पटण्याजोगी आहे.

माणसांवरील अभ्यासांतही दुवा दिसतो. २०१३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात एकूण ३१ हजार ४२४ व्यक्तींची माहिती एकत्र केली होती. त्यात नैराश्य असलेल्यांमध्ये ‘ड’ची पातळी कमी असण्याकडे कल दिसला. खास तरुणींवरचा, वारंवार उद्धृत होणारा अभ्यास अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठाचा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १८ ते २५ वयाच्या १८५ विद्यार्थिनी होत्या. त्यांच्या रक्तातील पातळी मोजून पुढील सुमारे पाच आठवडे त्यांच्याकडून उदासीची लक्षणे नोंदवून घेतली गेली. ज्यांची पातळी कमी, त्यांच्यात लक्षणे जास्त, असा संबंध आढळला. ऋतू, व्यायाम, वजन, घराबाहेर घालवलेला वेळ असे घटक विचारात घेतल्यावरही तो टिकला. श्वेतवर्णीय नसलेल्या ६१ टक्के मुलींमध्ये हे जीवनसत्त्व अपुरे होते. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते.

पण हा अभ्यास जसाच्या तसा महाराष्ट्राला लावता येत नाही. ओरेगॉन उत्तरेला, जवळपास ४५ अंश अक्षांशावर आहे. तिथे हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की त्वचेत ‘ड’ जवळजवळ तयारच होत नाही. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. इथे जानेवारीतल्या दुपारीही पुरेसे यूव्हीबी जमिनीवर पोहोचतात. त्यांच्याकडे अडथळा आकाशाचा आहे. आपल्याकडे तो भिंतीचा, कपड्यांचा आणि सवयींचा आहे.

आधी काय : उदासी की कमतरता?

या संशोधनातील खरी गाठ इथे आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असे ठरत नाही. उदास माणूस घराबाहेर पडत नाही, जेवणाकडे दुर्लक्ष करतो, व्यायाम सोडतो. या प्रत्येक गोष्टीमुळे ‘ड’ घटते. म्हणजे कमतरता हे उदासीचे कारण नसून परिणामही असू शकते. शिवाय लठ्ठपणा, दीर्घ आजार, गरिबी, घरातील कोंडी अशी तिसरीच बाब दोन्हींच्या मुळाशी असू शकते. जन्मजात जनुकीय फरकांमुळे ज्यांची ‘ड’ची पातळी कमी राहते, त्यांना नैराश्य अधिक होते का, हेही तपासले गेले आहे. अशा अभ्यासांत कार्यकारणाचा ठोस पुरावा हाती आलेला नाही.

मग गोळ्या घेतल्याने उदासी जाते का?

याचे उत्तर देण्यासाठी चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या लागतात : एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी. यातील एक मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि तिचे निष्कर्ष ऑगस्ट २०२० मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आले. पन्नाशी ओलांडलेल्या १८ हजार ३५३ जणांना सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ रोज २,००० एकक ‘ड’ किंवा निष्प्रभ गोळी दिली गेली. नैराश्य टाळण्यात किंवा मनःस्थिती सुधारण्यात दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

यावरून ‘ड’ जीवनसत्त्व निरुपयोगी ठरते का? तसे नाही. त्या चाचणीतील बहुतेकांची पातळी मुळातच चांगली होती. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून तहान किती भागते, हे मोजण्यासारखा तो प्रकार झाला. शिवाय त्यात तरुणी नव्हत्या. दुसरीकडे, फिनलंडच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ४१ चाचण्या आणि ५३ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. ज्यांना आधीपासून नैराश्याची लक्षणे होती, त्यांना पूरक ‘ड’ने काहीसा फायदा झाल्याचे त्यात दिसले. मात्र चाचण्यांचा दर्जा असमान असल्याने हा निष्कर्ष जपूनच घ्यावा लागतो. इराणमधील ९४० किशोरवयीन मुलींना नऊ आठवडे दर आठवड्याला ५० हजार एकक दिल्यावर त्यांच्या नैराश्याचे गुण कमी झाले. पण तुलनेसाठी निष्प्रभ गोळीचा गट नव्हता. कोणीतरी आठवड्याला विचारपूस करते, यानेही मनाला उभारी येते, हे मानसोपचारात सर्वज्ञात आहे.

एकूण चित्र असे : पातळी फारच कमी असेल तर ती भरून काढल्याने थकवा, अंगदुखी कमी होऊन मनालाही हलके वाटू शकते. पातळी ठीक असताना गोळ्या घेऊन उदासी जात नाही. आणि नैराश्याच्या उपचारांना, म्हणजे समुपदेशन आणि गरजेप्रमाणे औषधांना, ‘ड’ हा पर्याय ठरत नाही. फार तर जोड ठरतो.

ऊन मनावर दुसऱ्या वाटेनेही काम करते?

होय, आणि हा मुद्दा बहुतेक चर्चांतून सुटतो. ऊन शरीरात दोन दारांनी शिरते. एक त्वचेचे, तिथे ‘ड’ बनते. दुसरे डोळ्यांचे. डोळ्यांच्या पडद्यावर काही खास पेशी असतात. त्यांचे काम चित्र पाहण्याचे नसून, बाहेर दिवस आहे की रात्र हे मेंदूतील घड्याळाला कळवण्याचे आहे. सकाळच्या प्रकाशाने हे घड्याळ जुळते, झोपेचे मेलाटोनिन हे संप्रेरक वेळेवर थांबते आणि रात्री वेळेवर स्रवते. झोप सुधारली की मनःस्थितीही सुधारते. झोप बिघडणे हे नैराश्याचे लक्षण आहे, तसेच ते नैराश्याचा धोका वाढवणारे कारणही आहे.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळ्यात येणाऱ्या ऋतुजन्य नैराश्याचे वर्णन केले. हा विकार तरुण स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. त्यावर वापरला जाणारा प्रकाशोपचार म्हणजे सकाळी अर्धा तास साधारण १० हजार लक्स तीव्रतेच्या दिव्यासमोर बसणे. या दिव्यातून अतिनील किरण गाळलेले असतात. म्हणजे त्यातून ‘ड’ मिळत नाही, तरीही मनाला फायदा होतो. तुलनाच करायची तर उजळलेल्या कार्यालयात ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो, तर भर उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. उन्हात बाहेर पडणारी व्यक्ती चालते, चार माणसांशी बोलते, झाडे पाहते. या सगळ्याचा मनावरचा परिणाम एकट्या ‘ड’च्या खात्यात जमा करता येत नाही. तो गोळीत भरूनही देता येत नाही.

कोवळे ऊन की दुपारचे?

आपल्याकडे बाळापासून बाळंतिणीपर्यंत सर्वांना ‘कोवळे ऊन घ्या’ असे सांगितले जाते. ‘ड’च्या बाबतीत हा सल्ला तोकडा पडतो. सकाळी सूर्य तिरका असतो. किरणांना वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो आणि यूव्हीबी वाटेतच गळतात. तिरुपती येथील संशोधकांनी केलेल्या अभ्यासात त्वचेत ‘ड’ तयार होण्यासाठी सकाळी ११ ते दुपारी २ ही वेळ सर्वात उपयुक्त आढळली. सोपी खूण अशी : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा त्वचेत ‘ड’ तयार होते. सावली लांब असेल तेव्हा फारसे होत नाही.

म्हणून आजीचे कोवळे ऊन वाया गेले असे नव्हे. झोपेचे घड्याळ लावण्यासाठी तीच वेळ उत्तम. सकाळचा प्रकाश मनासाठी, दुपारचे थोडे ऊन हाडांसाठी, अशी विभागणी लक्षात ठेवता येईल. आठवड्यातून तीन-चार दिवस चेहरा, हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून १५ ते ३० मिनिटे ऊन घेणे, हा सर्वसाधारण सल्ला. अंग लाल होईपर्यंत थांबायची गरज नाही. मात्र एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ, मराठवाड्यात दुपारी बाहेर थांबणे धोक्याचे आहे. तिथे उष्माघाताची भीती आधी, ‘ड’ नंतर. पावसाळ्यात ढगांमुळे किरण कमी पोहोचतात; उघडीप मिळेल तेव्हा गच्चीत जावे. सनस्क्रीनमुळे ‘ड’ पूर्ण थांबते ही भीतीही अवास्तव आहे. प्रत्यक्षात ते जितके आणि जसे लावले जाते, त्याने फार फरक पडल्याचे दिसत नाही.

शिक्षणासाठी ब्रिटन, कॅनडासारख्या देशांत गेलेल्या मराठी मुलींची गोष्ट वेगळी. तिथे हिवाळ्यात उन्हातून ‘ड’ मिळत नाही. ब्रिटनमध्ये तर शरद आणि हिवाळ्यात सर्वांनी रोज ४०० एककांची पूरक मात्रा विचारात घ्यावी आणि सावळ्या त्वचेच्या लोकांनी ती वर्षभर घेण्याचा विचार करावा, असा सरकारी सल्ला आहे.

आहारातून गरज भागते का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज ६०० एकक ‘ड’ लागते. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतून ते चांगले मिळते. अंड्याच्या बलकात थोडे असते. शाकाहारी ताटात नैसर्गिक स्रोत जवळपास नाहीत. नाचणी, तीळ, पालेभाज्या यांत कॅल्शियम असते, ‘ड’ नव्हे. ही गल्लत नेहमी होते.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार दूध आणि खाद्यतेलात ‘अ’ व ‘ड’ मिसळता येते. अशा पाकिटांवर ‘+एफ’ ही खूण असते. दुधात लिटरमागे २०० ते ३०० एकक ‘ड’ असावे, असे प्रमाण ठरले आहे. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यातून ४० ते ६० एकक मिळणार. रोजची गरज केवळ दुधातून भागवायची तर किमान दहा पेले प्यावे लागतील. त्यामुळे आहार ही जोड आहे, पूर्ण उत्तर नाही.

तपासणी आणि पुड्या : कोणी, किती?

रक्तातील पातळी किती असावी यावरच एकमत नाही. अमेरिकेतील वैद्यकीय संस्थेने २०११ मध्ये २० नॅनोग्रॅम बहुतेकांना पुरेसे मानले. त्याच वर्षी अंतःस्रावी तज्ज्ञांच्या संघटनेने ३० ची रेषा आखली. प्रयोगशाळांच्या अहवालात बहुधा ही ३० ची रेषा असते. म्हणून २४ किंवा २६ आकडा आला तरी ‘अपुरे’ असा शेरा येतो आणि धडधाकट मुलगी रुग्ण ठरते. याच संघटनेने २०२४ च्या नव्या मार्गदर्शनात ३० चा आग्रह सोडला. निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको आणि पन्नाशीच्या आतील निरोगी व्यक्तींनी रोजच्या शिफारशीपेक्षा अधिक मात्रा घेऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. हाडे-स्नायू दुखणे, पचनाचे किंवा मूत्रपिंडाचे विकार, अपस्माराची काही औषधे, ऊन अजिबात न मिळणे अशा स्थितीत मात्र तपासणीला अर्थ आहे.

पुडीचा हिशेब साधा आहे. रोज ६०० म्हणजे आठवड्याला ४,२०० एकक. आठवड्याची ६० हजारांची मात्रा त्याच्या सुमारे १४ पट होते. ती सिद्ध झालेली कमतरता भरून काढण्यासाठी, साधारण आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असते. ‘आठवड्याला एक’ऐवजी ‘रोज एक’ घेणे किंवा कोर्स संपल्यावर स्वतःच औषध दुकानातून आणत राहणे धोक्याचे आहे. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढते; मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, मूतखडे आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

आणखी एक गोष्ट. थकवा आणि चिडचिडीचे कारण दुसरेही असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. थायरॉइडचे विकार आणि ‘ब१२’ची कमतरताही अशीच लक्षणे दाखवतात. केवळ ‘ड’चा आकडा पाहून थांबले, तर ही कारणे मागे राहतात.

उदासी गांभीर्याने कधी घ्यावी?

परीक्षेनंतर, भांडणानंतर, पाळीच्या आधी मन खट्टू होणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप आणि भूक बदलली असेल, अभ्यास-काम सुचत नसेल, आपण ओझे आहोत असे वाटत असेल, तर तो विकार असू शकतो. रक्ताचा अहवाल काहीही सांगो, अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला भेटायला हवे. बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. भारतात १५ ते ३९ वयोगटातील मृत्यूंमध्ये आत्महत्या हे प्रमुख कारण असल्याचे २०१८ मधील ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधील अभ्यासात म्हटले आहे. हे आकडे पाहता ‘जीवनसत्त्व कमी आहे’ एवढ्यावर समाधान मानणे परवडणारे नाही.

घरच्यांनी काय करावे? मुलीने बोलायला सुरुवात केली तर सल्ला देण्याआधी ऐकून घ्यावे. ‘चार दिवसांत ठीक होशील’ म्हणण्यापेक्षा ‘सोबत डॉक्टरांकडे जाऊ’ म्हणणे अधिक उपयोगी. सकाळी अर्धा तास तिला कामातून मोकळे करून तिच्यासोबत बाहेर पडावे. जीव नकोसा झाल्याचे विचार कोणी बोलून दाखवले, तर ते मनावर न घेण्याचे नाटक करू नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून, तिथे मराठीतही बोलता येते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधे व पूरक मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.)